पुढच्या वर्षी चालू होणार

आमच्या घरात कुणी ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत म्हणतात ते सोडून. तिथे मीही घसा बसेपर्यंत ओरडते. पण जेवताना, चहा पिताना कुणी सहज म्हणालं की अमुक काम पुढच्या वर्षी नक्की होणार, तर मी सरळ उठून आत जाते. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे कॅलेंडर धरायचीसुद्धा सोय नाही. तो दादरच्या नोकरदार घरातला. त्याच्या वडिलांचा पगार न चुकता एक तारखेला घरात यायचा. त्याला काय कळणार, कप्पाळ!

मी लालबागची. बाबा गिरणीत साचे चालवायचे. मिलमध्ये मागाला साचाच म्हणत. मी पाळण्यात होते तेव्हा संप झाला आणि त्यांची मिल बंद पडली ती पडलीच. पण ‘पडलीच’ हे मी आज म्हणते. तेव्हा असं कुणी म्हणत नसे. संध्याकाळी आमच्या मजल्याच्या गॅलरीत माणसं जमायची, विड्या ओढायची, आणि कुणीतरी बातमी आणलेली असायची. दिवाळीनंतर भोंगा वाजणार. नवा मालक येतोय. दिल्लीत बोलणं झालंय. पुढच्या वर्षी चालू होणार. शेवटचं वाक्य बहुतेक वेळा बाबांचं असायचं, आणि ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला धीर यायचा. मलाही यायचा. शाळेत बाई विचारायच्या, वडील काय करतात? मी सांगायचे, मिलमध्ये आहेत, सध्या बंद आहे, पुढच्या वर्षी चालू होणार.

बाबा घरी बसून राहिले असं मात्र नाही. वॉचमनकी केली, लग्नात वाढपी म्हणून गेले, मसाल्याच्या दुकानात मिरच्या कांडायला राहिले. पण कायमची नोकरी त्यांनी धरली नाही. एकदा चांगली चालून आली होती, परळच्या एका शाळेत शिपायाची. नाही म्हणाले. मिल चालू झाली आणि हा माणूस हजर नाही असं झालं तर जागा जाईल, म्हणाले. मग घर आईने ओढलं. गावाकडून आलेली एकटी पोरं आमच्या खोलीत दोन वेळ जेवायची, आणि आई स्टोव्हपुढे बसून भाकऱ्या थापायची. दादा इंजिनियर झाला तो त्या भाकऱ्यांवर. आईचा उजवा अंगठा आजही नीट वाकत नाही.

आणि तो डबा. पितळेचा, तीन पुडाचा, बाजूला कडी. बाबा तो मिलमध्ये न्यायचे. खानावळीतल्या पोरांना डब्यांची सारखी टंचाई असायची. पण हा डबा आई कुणाला देत नसे. माळ्यावर फडक्यात बांधून ठेवलेला. मी एकदा शाळेच्या सहलीला मागितला तर म्हणाली, ‘‘तो मिलचा आहे. चालू झाली की लागेल.’’

हे सगळं मी का उगाळतेय, तर मागच्या नवरात्रात दादाचा फोन आला. म्हणाला, ‘‘आम्ही जपानला जायचं म्हणतोय. कायमचं.’’

माझी वहिनी जपानी आहे. दादाला त्याच्या कंपनीने तिकडे पाठवलं होतं, तेव्हाची ओळख. लग्न करून तिकडेच राहिले होते. मग बाबांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि दादा बायकोला आणि लेकीला घेऊन परत आला, लालबागलाच, आईबाबांच्या शेजारची खोली घेऊन. वहिनी मराठी शिकली ती आईच्या ओट्यापाशी, त्यामुळे ती थेट मालवणी बोलते. पाहुण्यांसमोर ‘‘माका चाय नको’’ म्हणाली की लोकांच्या बशीतला चहा सांडतो. आईचा तिच्यावर जीव, आणि नातीवर तर विचारूच नका. पोरगी शाळेतून आली की आधी आजीच्या पदराला हात पुसणार, मग स्वतःच्या आईकडे जाणार. आई म्हणायची, माझं म्हातारपण सोन्याचं झालं गो.

‘‘का जायचंय?’’ मी विचारलं.

दादाची इथली कंपनी पुण्याला चालली होती, त्याला नोकरी बघायचीच होती. वहिनीचे वडील आता आमच्याकडे आले होते, पहिल्यांदाच, आणि त्यांनी जावयासाठी जागा बोलून ठेवली होती. त्यांच्या गावच्या कारखान्यात.

‘‘कारखाना चालू आहे ना?’’ मी म्हटलं.

दादा जरा घुटमळला. मग म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी चालू होणार.’’

मी फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजा टाकून लालबाग गाठलं.

आईने दार उघडलं. डोळे सुजलेले. ‘‘तू तरी बोल त्याच्याशी,’’ एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कांदा चिरायला लागली. कांद्याचा तिला मोठा आधार असतो.

व्याही खुर्चीवर ताठ बसले होते. सत्तरीचे, बारीक, कपाळावर उन्हाने रापलेली रेघ. मला बघून उठून वाकले. मी भांडायला आले होते, पण माणूस असा वाकला की काय भांडणार? मीही वाकले. नुसतंच वाकून बघत राहिलो एकमेकांकडे, आणि भाची फिदीफिदी हसली.

त्या आठवड्यात मला त्यांच्या गावाची बरीच हकिगत कळली. वहिनी सांगायची, मी खोदून खोदून विचारायचे. गाव देशाच्या अगदी उत्तरेला, समुद्राकाठी. वारा असा की झाडं वाकडीच वाढतात. भात नीट पिकत नाही, लांबडे कंद पिकतात, समुद्रात माकूळ मासळी मिळते. वहिनीच्या आजोबांच्या वेळी गावात खायची मारामार होती. थंडी पडली की सगळे पुरुष शहरात मजुरीला जायचे, रस्ते खणायचे, बोगदे खणायचे, आणि बर्फ वितळला की परत यायचे. हिवाळाभर गावात बायका, पोरं आणि म्हातारे.

आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे आमच्यासारखेच की. चाकरमानी.’’

वहिनीने वडिलांना चाकरमानी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी खूप वेळ मान हलवली.

मग कारखाना आला. त्या देशाकडे स्वतःचा कोळसा नाही, तेल नाही. म्हणून त्यांनी अणुवीज धरली. वीजकेंद्रांत जे इंधन वापरून होतं त्यात अजून बरंच कामाचं उरलेलं असतं, म्हणे. ते आम्लात विरघळवून वेगळं काढायचं आणि त्याचं पुन्हा इंधन करायचं. देशाचं ते धोरणच आहे. आणि ते करायचा कारखाना या गावात. वहिनी शाळेत होती तेव्हा बांधायला सुरुवात झाली. आईला हे सगळं एका वाक्यात समजलं. ‘‘शिळ्या भाताला फोडणी,’’ ती म्हणाली. व्याह्यांना तेही सांगितलं गेलं. ते हसले नाहीत. अगदी बरोबर, म्हणाले. फक्त फोडणी देऊन झाल्यावर जे उरतं ते फार वाईट असतं, ते काचेत ओतून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं.

‘‘असला कारखाना गावात घेतलाच कशाला मेल्यांनी?’’ आई मला म्हणाली. वहिनीने तेही भाषांतर करून टाकलं. आईचं ‘मेल्यांनी’ कसं सांगितलं देव जाणे. व्याह्यांनी साधं उत्तर दिलं. माझे वडील हिवाळ्यात घरी राहावेत असं माझ्या आईला वाटत होतं, म्हणाले.

आई पुन्हा भाजी निवडायला लागली.

व्याही स्वतः त्या कारखान्यात लागले. शेती सोडली, प्रशिक्षण घेतलं, पुढे नियंत्रणकक्षात पाळीचे मुख्य झाले. पण कारखाना काही पूर्ण होईना. चाचण्या झाल्या, अडचणी निघाल्या, दुरुस्त्या झाल्या. मग त्या देशात मोठा भूकंप झाला, समुद्र आत शिरला, दुसरीकडच्या एका वीजकेंद्राची वाट लागली, आणि सगळे नियम नव्याने आले. पुन्हा तपासण्या, पुन्हा बांधकाम. तारीख पुढे, तारीख पुढे. गावात रस्ते झाले, मोठं सभागृह झालं, शाळा झाली, पुरुष हिवाळ्यात घरी राहायला लागले. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते चालू झालं नाही. व्याही नव्या पोरांना शिकवत राहिले: हा झडपेचा काटा, हा तापमानाचा. ती पोरं मोठी झाली, त्यांनी आणखी पोरांना शिकवलं. आणि एक दिवस व्याही निवृत्त झाले. ज्या कामासाठी आयुष्य घातलं ते काम त्यांनी एक दिवससुद्धा खऱ्या अर्थाने केलं नव्हतं.

त्यांची एक सवय होती. गॅस बंद केला की ते शेगडीसमोर ताठ उभे राहायचे, बटणाकडे बोट रोखायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ‘‘योशी!’’ म्हणजे बरोबर आहे. दाराला कडी लावली की बोट, योशी. गीझर बंद, योशी. आम्हाला आधी वाटलं काही मंत्रबिंत्र आहे. वहिनी म्हणाली, तिकडे कामावर असंच करतात. नुसतं बघायचं नाही, बोट दाखवून तोंडाने म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. व्याही रोज पाळीला शेकडो काट्यांपुढून असे बोट दाखवत फिरायचे. काटे हलत नव्हते तरी. चाळीतली पोरं त्यांच्यामागे लागली. जिन्यात भेटले की दिव्याच्या बटणाकडे बोट करून ओरडायची, योशी! व्याही थांबून, दिवा खरंच बंद आहे का बघून मग मान हलवायचे.

हे सगळं ऐकून माझा राग कमी झाला असेल असं कुणाला वाटलं तर चूक. मी दादाला गॅलरीत गाठलं. म्हटलं, ‘‘तू वेडा आहेस की काय रे? ही गोष्ट आपण ऐकलेली नाही? तुझी फी भरायला आई काय काय करत होती ते तू बघितलं नाहीस? आता तू तुझ्या पोरीला तेच ऐकवणार, तेही परक्या भाषेत?’’

दादा म्हणाला, ‘‘हळू बोल.’’

‘‘का हळू बोलू? आईकडे बघ एकदा. नात गेली तर ती उभी राहील का?’’

दादा खाली रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, ‘‘बाबांना विचारू. ते म्हणतील तसं.’’

मी कपाळावर हात मारला. बाबांना! म्हणजे झालंच. ज्या माणसाने सगळा जन्म तेच वाक्य म्हणण्यात घालवला, तो नाही म्हणणार? आईचं सोन्याचं म्हातारपण जाणार, हे मला त्याच क्षणी दिसलं.

खंडेनवमीला मी सकाळीच पोचले. गिरणगावात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, टॅक्सीवाल्याची टॅक्सी. बाबांचा असतो धोटा. साच्यातून बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. मिल बंद पडायच्या वेळी तो त्यांच्या पिशवीत राहून गेला. तेव्हापासून दर खंडेनवमीला ते तो काढतात, तेलाने पुसतात, टोप्या चिंचेने घासतात, हळदकुंकू लावतात आणि झेंडूचं फूल वाहून पाटावर ठेवतात. लहानपणी मी विचारायचे, एवढा कशाला घासता? म्हणायचे, गंजला तर ऐन वेळी धागा तोडेल.

व्याही पाटापुढे गुडघे मोडून बसले. धोटा हातात घेऊ का, असं खुणेने विचारलं. बाबांनी दिला. त्यांनी तो उलटा केला, टोपीवरून अंगठा फिरवला, मग वहिनीला काही विचारलं.

‘‘माझे बाबा विचारतत, मिल खय आसा?’’ वहिनी म्हणाली.

बाबा त्यांना गॅलरीत घेऊन गेले. समोर काचेचा टॉवर आहे. खाली मोटारी उतरायचा उतार, वर झाडं लावलेल्या बाल्कन्या. बाबांनी त्याच्याकडे बोट केलं. व्याह्यांचंही बोट सवयीने वर गेलं. तोंड उघडलं. पण ते काही बोलले नाहीत. बोट तसंच हळूहळू खाली आलं, आणि ते बाबांकडे बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी धोटा परत पाटावर ठेवला, दोन्ही हातांनी.

मी ते पाहिलं. पण बाबांच्या मनात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, आपट्याची पानं वाटून झालेली. जेवता जेवता व्याह्यांनी विषय काढला. जावयासाठी जागा नक्की आहे, गावात घर आहे, मुलीची शाळा चांगली आहे. कारखाना पुढच्या वर्षी चालू होणार, गावात सगळे म्हणतात. वहिनी मान खाली घालून भाषांतर करत होती. आईचा हात पुरीवर थांबला होता.

दादा म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही सांगा. जाऊ?’’

बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले. मग दादाकडे नाही, व्याह्यांकडे बघून बोलायला लागले. ‘‘सुनबाई, मी काय बोलतो ते सगळं नीट सांग त्यांना. मिल बंद झाल्यावर काही वर्षांनी मी एकदा दुपारी तिथून चाललो होतो. मागचं गेट उघडं होतं. ट्रक उभे होते आणि साचे भंगारात चालले होते. गॅसने कापून, तुकडे करून. मी माझ्या खात्यातले साचे ओळखले. मी तिथे उभा राहून सगळे ट्रक जाताना बघितले. साचेच नाहीत तर मिल कशाची चालू होणार? मला त्या दिवशी कळलं. मग मी घरी आलो. हिने विचारलं, काही कळलं का? मी म्हटलं, पुढच्या वर्षी चालू होणार.’’

वहिनी सांगत होती, थांबत होती, शब्द शोधत होती.

‘‘गॅलरीत सगळे तेच म्हणायचे,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ट्रक बघितले असणार. पण पहिला कोण बोलणार? जो बोलेल त्याच्यामुळे मिल बंद पडली असं झालं असतं. आणि बोलल्यावर मी उद्या सकाळी उठून कोण होणार होतो? साचेवाला नाही, तर कोण? म्हणून म्हणत राहिलो. व्याह्यांना विचार, त्यांना मनातून काय वाटतं? गाव काय म्हणतं ते नको.’’

पण व्याह्यांच्या आधी आई बोलली. ती बाबांकडे अशी बघत होती की मला भीती वाटली.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

बाबांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

‘‘शाळेतली नोकरी आली ती त्याच्यानंतर की आधी?’’

‘‘नंतर,’’ बाबा म्हणाले.

‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’

बाबा खाली बघून पुरीचे तुकडे करत बसले. मला वाटलं, ओरडावं. पण आईच ओरडत नव्हती, मी काय ओरडणार?

व्याही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग हळू आवाजात बोलायला लागले, आणि वहिनी तुकड्यातुकड्याने सांगायला लागली. चालू होईल की नाही, माका माहीत नाय. हे वाक्य मी गावात कधी बोललो नाही. सगळ्या देशाचं वापरलेलं इंधन आमच्या गावात आणून पाण्याच्या हौदात ठेवलंय. कारखाना होणारच नसेल तर ते परत न्यायचं, असं ठरलेलं आहे. पण परत ठेवायला कुणाकडे जागा नाही. तिकडची वीजकेंद्रं जागेअभावी बंद पडतील. म्हणून नाही होणार असं कुणी म्हणू शकत नाही. सरकार म्हणत नाही, कंपनी म्हणत नाही, गावचा प्रमुख म्हणत नाही. मग आम्ही कसं म्हणणार? होईलही कदाचित. माझ्यानंतर होईल. मी पोरांना शिकवलं ते खोटं नव्हतं.

इथे वहिनीने तोंडावर पदर धरला. व्याही बोलतच होते, समोरच्या वाटीकडे बघत. शेवटी दादानेच सांगितलं.

‘‘ते म्हणतायत, नोकरीसाठी येऊ नका. नोकरीचं मी निमित्त केलं. बायको गेल्यापासून मी एकटा आहे. हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत येतो. मी बर्फ उपसतो, आत येतो, गॅस बंद करतो, बोट दाखवतो, योशी म्हणतो. ऐकायला कुणी नसतं. मला एकटं राहवत नाही. म्हणून या.’’

मी भांडायला म्हणून जे जे तयार करून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य या माणसाला लागू पडत नव्हतं. कारखान्याशी मी भांडले असते. एकट्या म्हाताऱ्याशी काय भांडायचं? मी रडले, सरळ सगळ्यांसमोर. आई उठली, व्याह्यांच्या पानात श्रीखंड वाढलं, आणि आत गेली.

त्यानंतर आई बाबांशी बोलेना. जेवण वाढायची, औषध हातावर ठेवायची, पण शब्द नाही. दादाचं जायचं तर नक्की झालं होतं, आता व्याह्यांच्या एकटेपणासाठी. ती कुणाला जाऊ नको म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. दादाने तिकडे एका शाळेत यंत्रांच्या देखभालीचं काम बघितलं, फोनवरून. तिकडच्या कारखान्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कागदपत्रं होईपर्यंत व्याही थांबले. एकदा वहिनीला घेऊन गच्चीवर गेले होते तेव्हा मी त्यांना वडाळ्याच्या दिशेने दाखवलं. पलीकडे, चेंबूरच्या डोंगरामागे आपल्याही देशाचा असाच कारखाना आहे, असं दादा म्हणतो. मी जन्मभर तिकडे बघत आले आणि मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. व्याह्यांनी विचारलं, चालू आहे? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी मान हलवली.

दिवाळी झाली. जायच्या दिवशी सकाळी मी पोचले तर खोलीभर बॅगा, भाची शेजारच्या मैत्रिणींना मिठ्या मारत फिरतेय, आणि आई स्टुलावर चढून माळ्यावर काहीतरी शोधतेय.

‘‘उतर गं, पडशील,’’ मी म्हटलं.

ती उतरली तेव्हा हातात फडक्याची गाठोडी होती. सोडली. पितळेचा डबा निघाला, बाहेरून काळवंडलेला. कडी उघडली, आतली कल्हई मात्र तशीच होती, पांढरीशुभ्र. एकदाही न वापरलेली.

बाबा कॉटवर बसले होते. डब्याकडे बघून म्हणाले, ‘‘हा.’’

आई चिंच घेऊन घासायला बसली.

‘‘तू विचारलंस ना, का नाही सांगितलं म्हणून,’’ बाबा म्हणाले. इतक्या दिवसांनी. ‘‘मी सांगायलाच घरी आलो होतो. जिना चढताना ठरवलं होतं, कसं सांगायचं ते. दारात आलो तर तू हा डबा पुढ्यात घेऊन बसली होतीस. कल्हईवाल्याकडून नुकताच आणलेला. मला दाखवलास. म्हणालीस, बघा, कसा झालाय. मग माझ्याच्याने सांगवलं नाही.’’

आईचे हात थांबले. ती रागावली की मालवणीत शिरते, आणि मग तिला आवरणं कठीण. पण ती रागावली नाही. बाबांकडे बघून अगदी सावकाश बोलली.

‘‘अहो, डबा होता तो. मिलचा कसला? कुठेही नेता आला असता.’’

‘‘तूच म्हणायचीस, मिलचा डबा,’’ बाबा पुटपुटले.

‘‘तुम्ही चालू होणार म्हणायचात म्हणून.’’

बाबांचा चेहरा वाकडा झाला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई उठली नाही, जवळ गेली नाही. घासत राहिली, पण बोलत राहिली. चिंच संपली, आणखी द्या तिथली, म्हणाली. बाबांनी उठून दिली. दोघं मिळून तो डबा घासायला लागली, ती बाहेरून आणि ते झाकण.

मग आईने भाकऱ्या केल्या, तांदळाच्या, न वाकणाऱ्या अंगठ्याने. एका पुडात भाकऱ्या, एकात लसणीची सुकी चटणी, एकात खोबऱ्याच्या वड्या. दादा म्हणाला, अगं, विमानात जेवण देतात. ‘‘देऊ देत,’’ आई म्हणाली. डबा तिने वहिनीच्या हातात दिला, पण सांगितलं व्याह्यांकडे बघून. ‘‘त्यांना सांग, रोज भरायचा. माळ्यावर ठेवायचा नाही.’’

वहिनीने सांगितलं. व्याह्यांनी डबा तिच्याकडून घेतला, कडी लागली आहे का ते पाहिलं, बोट उचललं आणि थांबले. आईकडे बघितलं.

आईने आपला वाकडा अंगठा पुढे करून कडीकडे दाखवला. ‘‘योशी,’’ ती म्हणाली, आणि खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला.